प्रतिज्ञेची सावड

वाडीच्या शाळेत सातवीत मी, जनी. रोज परिपाठाला पुढे उभी राहून प्रतिज्ञा मीच सांगते. माझा आवाज ओढ्यापलीकडच्या गोठ्यापर्यंत जातो. फुगवून नाही सांगत, म्हशी माना वळवतात! चौथीत कोणी नाव विचारलं तरी फ्रॉकची कॉलर चावायची मी. आता बघा.

तर या शाळेचाच प्रश्न आला. पट कमी, म्हणून आमचे पाचवी ते सातवीचे वर्ग खालच्या गावच्या शाळेला जोडायचे, असं तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांनी सुचवलं. सगळ्यांना काळजी ओढ्याची, चढाची. मला मनस्वीची. खालच्या शाळेत प्रतिज्ञा ती सांगते, माईकवर. केंद्राच्या स्पर्धेत पाहिलंय मी तिला. दोन वेण्या, धसईच्या बाजारातल्या फुलपाखराच्या पिना, आणि प्रतिज्ञा अशी म्हणते जणू देश तिच्या एकटीच्या नावावर आहे. वाईट हे की चांगली म्हणते.

सभा आमच्या शाळेच्या ओट्यावर भरली. खालच्या शाळा समितीचे दामूकाका म्हणाले, "पोरं जरा चालली तर पाय नाय झिजत."

"मग तुमचीच पाठवा वर," माझी आई म्हणाली.

"वर काय हाय वयनी? माकडं?"

सगळे हसले. खालच्या लोकांबरोबर आलेली मनस्वीपण, तोंडावर हात धरून. पिना चमकल्या.

मी उठलेच. "दामूकाका, भाताच्या आवणीला, रोपं लावायला, तुमच्या खाचरात कोण येतं?"

"तुमीच गो. सावडीनं."

"आणि आमच्या खाचरात?"

"आमी. तुमी आमच्यात राबता, आमी तुमच्यात. आणि हात राखून राबणाऱ्याला फुडल्या साली कोण बोलवत नाय."

"मग शाळेला सावड का नाय? पाचवी-सहावी तुमच्याकडं, सातवी आमच्याकडं. आमची पोरं उतरतील, तुमची चढतील."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. सातवीच का, ते मी बोलले नाही. सातवीत मी आहे ना!

"वर्षभर करून बघू," साहेब म्हणाले. आईने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी खालीच बसले.

सोमवारी मनस्वी चढ चढून घामाघूम आली. एक वेणी सुटलेली. फार बरं वाटलं मला. परिपाठाला मी ऐटीत पुढे निघाले, तर सर म्हणाले, "थांब जने. आज मनस्वी सांगेल."

"पण सर, शाळा आमची!"

"सावड तूच बोललीस ना गो?" मनस्वी म्हणाली. "आज माझी, उद्या तुझी."

उभी राहिले रांगेत, दात आवळून.

तिने सुरुवात केली. इथे माईक कुठला! तिचा आवाज दुसऱ्या रांगेतच विरला. मागची पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कोणी अर्धं म्हणतंय, कोणी नुसतेच ओठ हलवतंय. मनस्वीने माझ्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. मला हसू आलं, अगदी ओठापर्यंत. मी गप्प राहिले असते तर एका मिनिटात सगळ्यांना कळलं असतं, आवाज कुणाचा ते.

पण दामूकाकांचं ते हात राखून राबणाऱ्याचं वाक्य डोक्यातून जाईना. आणि आज खाचर तिचं होतं.

मी तिच्यामागून प्रत्येक ओळ घसा फाडून म्हटली. मागची रांग माझ्यामागून म्हणायला लागली. पलीकडे म्हशींनी माना वळवल्या.

उद्या पाळी माझी. बघते, ती किती जोरात म्हणते. हात राखला तर याद राख, मनस्वी!