पट्ट्या फिरवणारे हात

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. माणसांना बसवून नेणारी नव्हे. विजेवर करवत फिरवणारी. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. कॅसलरॉकपर्यंत मी आगगाडीने आले, पुढे बैलगाडीने. त्या गाडीवरच मला कायमचं बसवलं, कारण सुप्याच्या रानात सागवान काही एका जागी थांबून राहत नाही.

ठेकेदाराचे तळ दोन. एक गुंदला, दुसरा काळी नदीच्या काठी. दोन्हीकडे वाफेच्या इंजिनावर वीज तयार होई आणि तीन तारांतून माझ्यात येई. पण गुंदच्या विजेचा दाब दोनशे वीस व्होल्ट, नदीकाठच्या विजेचा जवळजवळ चारशे. माझ्या कुशीला एक पेटी आहे आणि तिच्यात तांब्याच्या पट्ट्या. गुंदला त्या उभ्या लावायच्या, नदीकाठी आडव्या. चुकलं तर गुंदला मी नुसती कण्हते. नदीकाठी जळून जाते.

हे काम उमाजी वायरमनचं. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, बाकीचं करवतीने नेलेलं. तो पट्ट्या फिरवी तेव्हा त्याची बायको रुक्मिणी शेजारी बसून पाना हातात देई.

एका वर्षी उमाजी हिवतापाने गेला. पुढच्याच महिन्यात तळ गुंदहून नदीकाठी हलला. रुक्मिणी मुकादमाला म्हणाली, "पट्ट्या फिरवाय पायजेत."

"बाई, तू भाकऱ्या बघ."

तिने भाकऱ्या बघितल्या. जेवून सगळे झाडाखाली आडवे झाल्यावर पट्ट्याही बघितल्या. उठल्यावर मुकादमाला काय वाटलं कोण जाणे, त्याने पेटी उघडली. सकाळी उभ्या असलेल्या पट्ट्या आडव्या झाल्या होत्या.

"उमाजी येऊन गेला," तो हळूच म्हणाला. "मेला, पर काम सोडलं न्हाई."

हे बाईने केलं असेल, असं कुणाच्याही मनात आलं नाही. त्यापेक्षा भूत पटण्यासारखं होतं.

तेव्हापासून रीतच पडली. तळ हलला की माझ्यापुढे नारळ आणि विडी ठेवायची, आणि दुपारी बाराला सगळ्यांनी पाठ करून बसायचं. रान गप्प होई. त्या पाठींमागून रुक्मिणी पाय न वाजवता येई. नारळ आमटीत जाई, विडी तशीच राही. उमाजीने वर जाऊन विडी सोडली, असं लखू करवत्या सगळ्यांना सांगे.

तीन वर्षांनी मुकादमाला हिशेब सुचला. "काम उमाजी करतोय. भाकऱ्या कुणीबी थापील. मग बाईला कशापायी पोसायचं?"

तेव्हा रुक्मिणीने सांगून टाकलं, "त्ये न्हाईत येत. मीच फिरवतोय. मी गेलो तर ही जळंल."

सगळे हसले. "वैनी," लखू म्हणाला, "मेल्या नवऱ्याचं काम आपल्या नावावर घेऊ ने."

तिने माझ्या पेटीवर क्षणभर हात ठेवला आणि गाठोडं घेऊन उळवीच्या वाटेला लागली.

पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा गुंदहून नदीकाठी आलो. नारळ झाला, विडी झाली, पाठी फिरल्या. मी वाट पाहिली. कुणी आलं नाही.

"पेटी बघू काय?" लखूने विचारलं.

"नको," मुकादम म्हणाला. "उमाजीवर संशय घेतल्यागत व्हईल."

खटका दाबला. मित्रांनो, इतक्या जोरात मी जन्मात फिरले नव्हते. ओंडका काकडीसारखा चिरला गेला. "बघा, उमाजीचा जोर," मुकादम म्हणत होता. माझ्यातून धूर निघाला तेव्हाही त्याने आधी हात जोडले.

आता मी कारवीच्या झुडपांत पडले आहे. यंत्राला तेल घाला, पावसात झाका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगेन, की यंत्र ज्याला कळतं त्याच्याकडे पाठ करून बसू नका.

इथे आता ना तार, ना इंजिन. तरी दुपारी बाराला रान गप्प होतं आणि पेटीचं झाकण उघडतं. आधी वाटलं, रुक्मिणी परत आली. पण तिची पाचही बोटं पुरी होती. या हाताचं मधलं बोट अर्धं आहे, आणि विडीचा वास येतो.

पट्ट्या फिरतात. पट्ट्या फिरल्या म्हणजे तळ हलला, एवढं मला माहीत आहे. कुठे, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.