अस्मानी की पिस्ता

भांडुपला स्टेशनपासून सात मिनिटांवर माझं मॅचिंग सेंटर आहे, आणि त्याला लागूनच आमच्या ह्यांची गाड्या रंगवायची शेड. म्हणजे भिंतीच्या अलीकडे मी साडीला ब्लाऊजपीस जुळवते आणि पलीकडे सावंत गाडीच्या दाराला बॉनेट जुळवतात. धंदा एकच, पण सावंतांना ते मान्य नाही. त्यांच्या मते मी कापड विकते आणि ते कला करतात. नवऱ्याला मी सावंतच म्हणते. लग्नानंतर एकदा नावाने हाक मारली तर सासूबाईंना असा ठसका लागला की पुन्हा धीर झाला नाही.

तर गेली दोन वर्षं सावंतांचा रंग चुकत होता. पांढऱ्यावर सायीची झाक यायची, निळा हिरवट व्हायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं की मी पुढे व्हायची आणि सांगायची, आठवडाभर ऊन लागू द्या, रंग बसेल. रंग काही बसायचा नाही, पण गिऱ्हाईक परतही यायचं नाही. डोळे तपासून घ्या, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा ते जेवले नाहीत. दुसऱ्यांदा जेवले, पण चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे वडील मिलच्या रंगखात्यात होते, नुसत्या नजरेने रंग ओळखायचे, आणि तीच नजर आपल्याला मिळाली यावर सावंतांचा अख्खा संसार उभा. तिसऱ्यांदा मी बोलले नाही. घाबरले, दुसरं काय. नजर गेली म्हटल्यावर ह्या माणसाकडे स्वतःचं म्हणायला काय उरणार, तेच मला कळत नव्हतं.

नोव्हेंबरात वेसाव्याचे तुळशीदास टेम्पोवर एक गाडी चढवून घेऊन आले. इटलीची, दोन माणसांची, बुटकी, छप्पर नसलेली, १९६७ सालची. टेम्पोतून उतरवली आणि गल्लीतली सगळी मांजरं गोळा झाली, कारण पन्नास वर्षं तिच्या बॉनेटवर सुकटीचा जवळा वाळत होता.

ही गाडी कोळीवाड्यात कशी आली, तेही तुळशीदासांनीच सांगितलं. मुलुंडच्या एका कारखान्यात एक इटालियन इंजिनीयर होता. तो वेसाव्याला समुद्राजवळ राहायचा आणि रविवारी तुळशीदासांच्या वडिलांबरोबर होडीतून मासेमारीला जायचा. मायदेशी परतताना गाडी त्यांच्या अंगणात सोडून गेला. वडिलांना होडी चालवता यायची, गाडी नाही. पण घरची वस्तू म्हणून तिची आबाळ केली नाही. दर नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवायची आणि उरलेला रंग गाडीला मारायचा, असा रिवाजच पडला. आतून, बाहेरून, ब्रशने.

"आता जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली हाय," तुळशीदास म्हणाले. "आईला तिच्यात बसवून न्यायचाय. पन रंग त्या सालचाच लागतो, मामा. कारखाना तवा जे रंग द्यायचा त्यातलाच. नायतर गेटवरूनच परत पाठवतात."

त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्या सालचे सात रंग, सात चौकोन. कोळीवाड्यातल्या प्रत्येकाने आपलं मत दिलं होतं, आणि नव्वद टक्के मत लाल. इटलीची गाडी म्हणजे लालच, असं म्हणे. तुळशीदासांची आई मंजुळाबाई तेवढी म्हणत होती की लाल नव्हती.

"मुलुंडला काँप्युटरवर रंग काढून देतात," तुळशीदास चाचरत म्हणाले. "त्येला दाखवायची काय?"

सावंतांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन पावलं मागे सरकले. "काँप्युटर कित्याक? हे काय आसत?" आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं.

मग आठवडाभर घासकाम चाललं. एकेक थर निघू लागला. पिवळा, भगवा, गडद हिरवा, मग पुन्हा पिवळा. तुळशीदास रोज यायचे आणि थर बघून सांगायचे, हा नवीन इंजिन घेतलं त्या सालचा, हा बहिणीच्या लग्नाचा. एका ठिकाणी गुलाबी निघाला तेव्हा त्यांना एकदम मांजरं हाकलायचं आठवलं. सगळ्यात खाली मात्र नुसता पत्रा. पहिल्या वर्षी वडिलांनी होडी घासतात तशी गाडीही खरवडून काढली होती. कारखान्याचा रंग कुठेच शिल्लक नव्हता.

पण सावंतांना उगाच नाव नाही. त्यांनी डॅशबोर्डमधला सामानाचा खण बाहेर काढला, बॅटरी घेऊन आत डोकं खुपसलं, आणि होडीचा ब्रश पोचला नव्हता तिथे त्यांना तळहाताएवढा मूळ रंग सापडला. मला इतका अभिमान वाटला की मी दुकान तसंच टाकून बघायला गेले.

"हिरवो," सावंत म्हणाले. "फिको हिरवो." आणि कागदावरच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

मी खणाच्या पोकळीत डोकावले. आत अस्मानी होता. जराशी राख मिसळलेला, पण अस्मानीच, कागदावर हिरव्याच्या शेजारी होता तोच. माझ्याकडे त्या रंगाच्या कापडाच्या थानाला मागणी असते, शाळेतल्या बाया नेतात.

मी म्हटलं, "अहो, नीट बघा ना जरा."

"तुका काय गाडयेतला कळता गो? तू ब्लाऊजपीस विक."

मी परत येऊन बसले. संध्याकाळी हिरव्या रंगाचे डबे आले. गाडी हिरवी झाली तर ती गेटवरून परत येणार, अख्खा कोळीवाडा जाब विचारायला येणार, आणि सावंतांची नजर भर बाजारात उघडी पडणार. ऊन लागू द्या, हे कोळ्यांना सांगून चालणार नव्हतं. त्यांना उन्हाचं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शेवटी मी तुळशीदासांना फोन केला आणि म्हटलं, उद्या आईला घेऊन या, रंग लागायच्या आधी एकदा बघू दे.

मंजुळाबाई आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, केसात अबोली, नाकात मोठी नथ. शेडमध्ये थिनरचा वास म्हणून मी त्यांना माझ्या दुकानात बसवलं. पाणी पिता पिता त्यांनी मागच्या फळीकडे बघितलं, उठल्या आणि दोनशे थानांतून एकावर बोट ठेवलं.

"ह्यो. असाच व्हता. तो साहेब गाडी वाळूत उभी करायचा तवा पान्यात आन् गाडीत फरक दिसायचा नाय."

मी काही बोलले नव्हते, बरं का. बोट पडलं ते अस्मानीवरच.

मी वीतभर कापड फाडलं आणि आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. सावंत तोंडाला फडकं बांधून, हातात रंगाची गन घेऊन तयारच होते. मी कापड त्या पोकळीतल्या मूळ रंगाशेजारी धरलं, तुळशीदासांनी बॅटरी धरली, आणि सावंतांनी वाकून पाहिलं.

"बरोबर जुळता," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

"म्हणान तर सांगी होतंय," सावंत पुढे म्हणाले, "हिरवो म्हणान."

मग तुळशीदास हळूच म्हणाले, "मामा, ह्यो निला हाय."

"हिरवो."

"निला."

"अरे, चाळीस वर्षां रंग मारतंय मी."

तुळशीदास म्हणजे बिचारा भला माणूस. त्यांनी कापड उन्हात नेलं, उलटंपालटं केलं, आणि मला विचारलं, "ताई, हिरवी झाक हाय काय जराशी?" आणखी पाच मिनिटं गेली असती तर ते स्वतःहून हिरव्यावर आले असते आणि गाडी वाया गेली असती. सावंतांनी गन उचललीसुद्धा.

मी दुकानात गेले, पिस्ता रंगाचं थान ओढलं, वीतभर फाडलं आणि परत आले. दोन्ही तुकडे मी सावंतांच्या हातात दिले.

"ह्यातला कुठला मारणार?"

त्यांनी दोन्ही डोळ्यांजवळ धरले. लांब धरले. उन्हात धरले. "मस्करी करतंस काय? दोन्ही एकाच थानातले आसत."

असं म्हणून त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. माझ्याकडे, मग तुळशीदासांकडे, मग पुन्हा त्या तुकड्यांकडे. त्यांना कळलं. माझ्या डोळ्यांदेखत कळलं, आणि मला वाटलं, जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं.

पहिल्यांदा बोलल्या मंजुळाबाई. "माजा पन असाच जाला व्हता, बाबा. मोतीबिंदू. निला लुगडा हिरवा म्हनून नेसायची आन् सुनेशी भांडायची. आपरेशन केलं आन् घरी येऊन बगते तं भिंती काल्याकुट्ट. सून इतकी वर्सं काय झाडायची कोन जाने."

तुळशीदासांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. सावंत हसले नाहीत. त्यांनी तोंडावरचं फडकं सोडलं, घडी करून स्टुलावर ठेवलं, आणि माझ्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. दुपारी डबा दिला तो खाल्ला. एवढाच काय तो मला आधार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तोच पलीकडून हाक आली. "गो, जरा हय ये."

मी गेले. सावंतांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला होता. बाजूला निळा, काळा आणि पिवळा. खणाच्या पोकळीपाशी मी काल चिकटपट्टीने लावून ठेवलेला अस्मानी तुकडा. एका हातात ढवळायची काठी आणि दुसऱ्या हातात निळ्याचा चमचा.

"किती टाकू तां तू सांग," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"टाका."

त्यांनी टाकला, ढवळला, पत्र्याच्या तुकड्यावर बोटभर ओढला. मी कापड शेजारी धरलं.

"अजून."

असं चारपाच वेळा झालं. मी अजून म्हणायची आणि ते टाकायचे. एकदा काळा सांगितला तर विचारलंही नाही कित्याक म्हणून. त्यांचा हात मात्र एक थेंब जास्त सांडत नव्हता. तो हात माझ्याकडे कधीच नव्हता, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून दिसलं.

"कधीपासना ठाऊक होता तुका?" त्यांनी ढवळता ढवळता विचारलं.

"दोन वर्षं."

काठी थांबली, मग पुन्हा फिरू लागली. "मगे बोललंस कित्याक नाय?"

"दोनदा बोलले. तिसऱ्यांदा तुम्ही भांडला असता."

"आता पण भांडतलंय. डोळ्याच्या डॉक्टराकडे जाव्या, येताना वाटेत भांडतलंय. आधी ह्यो रंग सांग. बरोबर आसा?"

त्यांनी ओला पत्रा माझ्यासमोर धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं तसे. मी कापड शेजारी लावलं, आणि मला काही दिसेनाच. डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी कुठलाही रंग ओळखता येत नाही.

"थांबा जरा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं निळा कमी पडला. त्यांनी चमचा उचलला, पण टाकला नाही, मी सांगेपर्यंत तसाच धरून ठेवला.