शिडीचा उजवा डोळा

मुष्टियुद्धाच्या लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी डावरीचं वजन गटाच्या मर्यादेपेक्षा सहाशे ग्रॅम जास्त भरलं. तिला शिकवणाऱ्या सरांनी हॉटेलच्या खोलीत स्वतःचा काटा आणून ठेवला होता. सर म्हणायचे, वजनकाट्यासारखा प्रामाणिक नातेवाईक दुसरा नाही. जे असेल ते तोंडावर सांगतो. अकरा वाजता अधिकृत वजन होतं. तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नव्हता. तळमजल्यावरच्या गरम खोलीत बसून घाम गाळायचा, बस्स.

ती निघणार तेवढ्यात आईचा फोन आला. जेवलीस का, झोप लागली का, नेहमीचंच. डावरीने दोन्हीला हो म्हटलं. दोन्ही खोटं होतं. दादा ओळखीच्या वीस जणांना घेऊन लढत बघायला येतोय, असं आईने सांगितलं. वर म्हणाली, या खेपेला सगळ्यांची तोंडं एकदाची बंद होऊ देत.

लोकांची तोंडं कशासाठी उघडी होती, ते डावरीला वेगळं सांगायला नको होतं. चार वर्षं विजेतेपद तिच्याकडे होतं. पण दर लढतीनंतर कोणीतरी म्हणायचंच, शिडी असती तर बघितलं असतं.

शिडी म्हणजे तिच्याआधीची विजेती. उंच, लांब हातांची, म्हणून शिडी. आणि ही डाव्या हाताची, म्हणून डावरी. वसतिगृहात दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिल्या. मुठींना पट्टी कशी गुंडाळायची हेही डावरीला शिडीनेच शिकवलं. मग शिडीला दिवस गेले, तिने खेळ सोडला आणि विजेतेपद रिकामं राहिलं. ते डावरीने जिंकलं, पण शिडीला हरवून नव्हे. रिकाम्या खुर्चीत कोणीही बसेल, असं लोक बोलून गेले ते तिच्या मनात रुतून बसलं.

आता शिडीची मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि शिडी परतली होती. आल्या आल्या तिने चार जणींना लोळवलं. पाचवी डावरी. गावभर दोघींचे फोटो लागले, पण दोघी आपसात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सरांची ताकीद होती: तिला नजर द्यायची, शब्द द्यायचा नाही.

गरम खोलीचं दार उघडलं तर लाकडी बाकावर शिडी बसलेली. डावरी परत फिरणार होती, पण हॉटेलात तशी खोली एकच होती.

"किती?" शिडीने विचारलं.

"सहाशे. तुझं?"

"चारशे. बस, मी काही इथे मारत नाही तुला."

डावरी तिच्या उजवीकडे बसली. दोघी घाम पुसत राहिल्या. मग शिडी मुलीबद्दल बोलली. मुलीला आईचं सुजलेलं नाक बघून रडू येत नाही, ती त्यावर रंगीत खडूने टिकल्या काढते. डावरी हसली. या चार वर्षांत तिच्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही हवं असायचं: सरांना जिंकलेली लढत, दादाला बंद झालेली तोंडं, बातमीदाराला वाक्य. तहानेने जीभ टाळूला चिकटली असताना शेजारी कोणीतरी तशाच कोरड्या तोंडाने बसलंय, यानेच तिला बरं वाटलं.

तिने आपला कोरडा नॅपकिन शिडीपुढे धरला. शिडीने घेतला नाही. डावरीला वाटलं, मानी आहे. मग लक्षात आलं, तिने पाहिलाच नव्हता. डावरीने नॅपकिन ठेवला आणि मूठ वळून हळूच शिडीच्या कानशिलापर्यंत नेली. मुष्टियोद्ध्याची पापणी मूठ येताच लवते. शिडीची लवली नाही.

"उजव्या डोळ्याने दिसत नाही तुला."

शिडी म्हणाली, "थोडं दिसतं. कडेचं जातं. मध्ये काळे ठिपके नाचतात."

"डॉक्टर कसे सोडतात?"

"तो अक्षरांचा तक्ता पाठ केलाय. शाळेत पाढे झाले नाहीत, हा झाला." ती हसली नाही. "एवढी एक लढत. मग सोडते. तू कोणाला सांगू नकोस. मला शेवटचं रिंगमधूनच बाहेर जायचंय, स्वयंपाकघरातून नाही."

डावरीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिचा सगळा खेळ डाव्या हाताचा होता, आणि तो हात नेमका शिडीच्या उजवीकडून येणार होता. सरांना सांगावं, तर ते आनंदाने म्हणाले असते, मार मग तिथेच. दादाला सांगावं, तर तो पेढे वाटायला निघाला असता. पहिल्या फेरीत मुद्दाम हात आखडता घेतला, तरी दुसऱ्या फेरीत सवयीचा हात सुटणारच. तिला स्वतःचा हात चांगला माहीत होता.

दहाला ती वर आली. काट्यावर वजन बरोबर बसलं. सरांनी पाठ थोपटली, आणि तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. सर म्हणाले, रडू नकोस, पाणी वाया घालवू नकोस.

वजनाच्या हॉलमध्ये डॉक्टरीणबाई एकेकीला तपासत होत्या. डावरीची तपासणी आधी झाली. नाडी बघताना बाईंनी विचारलं, एवढी का धडधडतेय. डावरी वाकून हळूच म्हणाली, "तिला तक्ता शेवटच्या अक्षरापासून उलटा वाचायला सांगा. डावा डोळा झाकून."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढचा कागद घेतला.

शिडी दुसऱ्याच अक्षराला अडकली. तिसऱ्याला तिने अंदाज केला. मग तिने डोळ्यावरचा हात काढला आणि सगळ्या हॉलमध्ये फक्त डावरीकडे पाहिलं.

लढत वैद्यकीय कारणाने रद्द झाली, एवढंच जाहीर झालं, कोणाच्या ते नाही. नक्की काय ते डावरीने सांगितलं असतं, तर शिडीने डॉक्टरांना फसवल्याचा बोभाटा झाला असता. म्हणून ती मूग गिळून बसली. लोकांनी आपापला अर्थ लावला. जिमच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने 'पळपुटी' लिहिलं. सर तिला सराव द्यायचे, पण हातातल्या घड्याळाकडे बघत. दादाने मात्र सरळ विचारलं, तू काही केलंस का. ती हो म्हणाली. कारण विचारल्यावर तिने सांगितलं नाही. वीस लोकांना मी काय तोंड दाखवू, एवढंच तो म्हणाला, आणि जेवायचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

आता शिडीला हरवल्याचं तिला कधीच म्हणता येणार नव्हतं.

दोन महिन्यांनी ती शिडीच्या घरी गेली. तिसरा मजला, दारात छोट्या चपला. शिडीच्या सासूबाईंनी दार उघडलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आतला पडदा सुटायला आला होता, आणखी एक ठोसा आणि डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. सासूबाई हे सांगत असतानाच आतून शिडीचा स्पष्ट आवाज आला, "तिला सांगा, मी झोपलेय."

सासूबाईंना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी डावरीला खुर्ची दिली, चहा टाकला. कप हातात देताना म्हणाल्या, "जागीच आहे गं, पोरी. पण तुझ्यासाठी झोपलीय."

"झोपू दे," डावरी म्हणाली.

तिने चहा सावकाश संपवला. आत कोणीतरी कूस बदलली, पलंग करकरला. निघताना तिने आतल्या दाराकडे बघून "येते गं" म्हटलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. शिडी झोपलेलीच होती. सासूबाईंनी मात्र चहाचं आधण आधीच ठेवलं होतं.