उकळूनही न मेलेलं एन्झाइम

मी कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि बोलणं हा माझा जोडधंदा आहे. माझ्या पाठीमागे मला ‘रेडिओ’ म्हणतात, हे मला लोकांनी तोंडावरच सांगितलं आहे.

विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. कापड तयार झालं की ती काढावी लागते. खळ म्हणजे स्टार्च. ते तोडणारं एन्झाइम आम्ही बाहेरून आणतो. मला हुक्की आली, आपणच एक शोधू या. कॅन्टीनच्या मोरीजवळची माती आणली, तिच्यातले जिवाणू वाढवले, त्यांचं पाणी गाळून स्टार्चच्या नळ्यांत टाकलं आणि नळ्या रात्रभर उबेत ठेवल्या. तपासणी सोपी असते. स्टार्च शिल्लक असेल तर आयोडीन टाकल्यावर गडद निळा रंग येतो. तुटलं असेल तर येत नाही.

निळा रंग आला नाही. मी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. पुन्हा नळ्या लावल्या आणि दिसेल त्याला टेबलापाशी ओढून, त्यांच्यावर वाकून समजावू लागलो, “एन्झाइम स्टार्चची साखळी पकडतं, तोडतं, सोडतं, लगेच पुढची पकडतं. स्वतः मात्र खर्च होत नाही! एवढासा थेंब, पण काम बघा केवढं!”

माझी सहकारी वयाने लहान आणि स्वभावाने शंकेखोर. म्हणाली, “सर, गाळलेलं पाणी एकदा उकळून बघू या का? उकळल्यावर एन्झाइमची घडी विस्कटते, मग ते काम करत नाही. म्हणजे नळी निळी व्हायला हवी.”

उकळलं, गार केलं, स्टार्चमध्ये घातलं. मी शेजारी उभं राहून अखंड मार्गदर्शन केलं. दुसऱ्या दिवशी नळी निळी झाली नाही.

शहाणा माणूस इथे चपापला असता. मी धावत मॅनेजरसाहेबांकडे गेलो. “साहेब, उकळूनही न मेलेलं एन्झाइम!” गिरणीत सगळं काम गरम पाण्याचं, त्यामुळे साहेब खूश. घरी बायकोला म्हणालो, “आता नाव होणार बघ माझं.”

“झालंय की,” ती म्हणाली. “खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्यात.”

मग प्रयोगशाळेत माझं भाषण चालू असतानाच सहकारिणीने एका नळीत एन्झाइमऐवजी नुसतं पाणी घातलं. तीही निळी झाली नाही.

“नळी नीट धुतली नसशील,” मी म्हणालो. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मला ते जमत नाही.

एवढं बोलून अखेर माझा घसा बसला. तोंडाला मफलर गुंडाळून मी मुकाट्याने कामावर आलो. आम्ही सगळ्या नळ्या पुन्हा लावल्या. सकाळी आयोडीन टाकलं तर पाण्याची नळी निळी, उकळलेली निळी, आणि माझी लाडकी न उकळलेलीही निळीच.

मी तोंडावरचा मफलर चाचपला. पाव बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण थुंकीतलं एन्झाइम स्टार्च तोडतं, हे मी शाळेत असताना तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

“थुंकी,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

“खात्री करू या, सर,” असं म्हणून तिने माझ्यापुढे एक स्वच्छ नळी धरली. मी कर्तव्य बजावलं. निकाल अप्रतिम आला. उकळल्यावर मात्र ते रीतसर मेलं.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे धुलाई विभागात तुम्हाला कापडासमोर भाषण करत बसवायचं?”

“रात्रपाळी नको, साहेब,” मी म्हणालो.

ते इतके हसले की मला हायसं वाटलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं.

आता नळ्यांना झाकणं असतात, मला मास्क असतो आणि नळ्या सहकारी लावते. परवा तिला विणकामाच्या शेडमागच्या मातीत एक एन्झाइम सापडलं. अशक्त आहे, स्टार्च तोडायला दोन दिवस घेतं. पण ते मातीतलंच आहे.