परगावचा नऊ नंबर

माझा नवरा इनस एकोणीस वर्षांत बारा क्लबांकडून फुटबॉल खेळला, आणि त्या बारांत आमच्या गावचा क्लब नव्हता. गाव पोर्टकिली, मासेमारीचं एक बंदर; क्लब पोर्टकिली थिसल. माझे वडील, डॉड, त्या क्लबाच्या फाटकावर चाळीस वर्षं तिकिटं फाडत आले. इनस सोळा वर्षांचा असताना थिसलवाल्यांनी त्याला "आधी अंगाने भर" म्हणून घरी पाठवलं. वर्षभरात तो भरला, तेव्हा दक्षिणेकडच्या एका क्लबाने त्याला उचलून नेलं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी मीही त्याच्याबरोबर गेले. तळलेल्या माशांच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा होती. पडद्यांनासुद्धा तेलाचा वास यायचा, म्हणून मी नवे पडदे शिवले. शेजारणीशी ओळख झाली, रस्ते पाठ झाले, आणि एका मंगळवारी इनस दारातूनच म्हणाला, "एल्सी, त्यांनी मला उसना दिलाय."

"कुणाला?"

"फाइफमधल्या एका क्लबाला. उद्यापासून सराव."

मला सातवा महिना होता. मी पडदे काढून घडी केले आणि पोर्टकिलीला बाबांकडे आले. रोना इथेच जन्मली. मी हॅडॉक मासे धुरावर सुकवायच्या कारखान्यात कामाला लागले, आणि आमचं असं ठरलं की हे एवढं एक वर्ष काढायचं, मग इनसने घराजवळ क्लब बघायचा. ते एक वर्ष आम्ही पंधरा वेळा काढलं.

इनस नऊ नंबरवर, म्हणजे गोल मारायच्या जागेवर खेळायचा. फार मोठा खेळाडू नव्हता, हे तो स्वतःच सांगायचा. पण त्याची गंमत अशी की तो नवीन असला की चालायचा. जानेवारीत ज्या क्लबांचे गोल आटलेले असत त्यांचे मॅनेजर घाबरे व्हायचे, आणि मग आमच्याकडे फोन यायचा. इनस बॅग भरायचा. पहिल्या दहा सामन्यांत सहा-सात गोल ठरलेले. तो चेंडू डावीकडे नेतोय असं दाखवून उजवीकडे वळतो, हे समोरच्यांना ठाऊक नसायचं. एकदा ठाऊक झालं की गोल थांबायचे, नाताळपर्यंत तो बाकावर, आणि जानेवारीत दुसरा फोन. असं करत तो फिनलंडला एक उन्हाळा खेळला, हाँगकाँगला एक हिवाळा. तिथे त्याला सगळे सर म्हणायचे. रोना त्याला फोनवर विचारायची, "सर, घरी कधी येणार?"

रविवारी फोन यायचा. नव्या गावातल्या पहिल्या आठवड्यांत त्याचा आवाज वेगळाच लागायचा. गोलकीपर कसा शिट्टी वाजवत झोपतो, घरमालकीण पांघरुणात गरम पाण्याची पिशवी कशी ठेवून जाते, हे सगळं तो भरभरून सांगायचा. मी रिसीव्हर खांद्यात धरून बटाटे सोलत ऐकायची. फोन ठेवला की घर एकदम रिकामं व्हायचं. त्या घरमालकिणींचा मला फार राग यायचा, आणि सोमवारपासून पुढच्या रविवारची वाट बघायची ती मीच.

तो चौतीस वर्षांचा असताना अकराव्या क्लबात होता, स्ट्रॅथब्रेमध्ये. हंगामाचा शेवटचा सामना स्ट्रॅथब्रे विरुद्ध थिसल, तोही आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तर थिसल लीगमध्ये टिकणार, हरलं तर बाहेर, खेड्यापाड्यांच्या लीगमध्ये. स्ट्रॅथब्रेला हरण्या-जिंकण्याचं काहीच नव्हतं.

आदल्या दिवशी इनसला घरी राहायची परवानगी मिळाली. मे महिन्यात आमच्याकडे जेवणं उजेडातच होतात. मी हॅडॉक-बटाट्याचं सूप केलं होतं. बाबा बराच वेळ नुसता चमचा फिरवत होते.

"उद्या उतरवणार का तुला?" त्यांनी विचारलं.

"बाकावर आहे. बघू."

"बाकावरच बस. पाहुण्यांचा बाक चांगला आहे, मी स्वतः रंगवलाय."

"डॉड, उतरवलं तर मी खेळणार."

"मी कुठे नको म्हटलं? सूप घे अजून."

बाबा फिरायला गेल्यावर भांडी पुसता पुसता मी म्हटलं, "मांडी आखडली म्हणून सांग ना. त्यांना काही फरक पडत नाही."

"त्यांना नाही पडत."

"मग?"

इनसने बशी खाली ठेवली. "एल्सी, सोळाव्या वर्षापासून माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे. समोर चेंडू आला तर मी मारतो. उद्या मुद्दाम नाही मारला, तर आजवर जे मारले त्यांचं काय?"

मी ती बशी उचलून पुसली. विचारलं याचीच लाज वाटली. तरी अंथरुणावर पडल्यावर मी मनात म्हणत होते की ह्याला उतरवू नका, उतरवलंच तर ह्याच्याकडे चेंडू जाऊ देऊ नका.

त्याला शेवटची सोळा मिनिटं राहिली असताना उतरवलं. तोवर दोन्हीकडे शून्य होतं. स्टँडमधून कुणीतरी माझं पूर्ण नाव घेऊन ओरडलं, "एल्स्पेथ, तुझ्या माणसाला घरी ने, त्याचं सूप गार होतंय." सगळे हसले, मीही हसले. फाटक लावून बाबा माझ्या शेजारी येऊन बसले होते. ते हसले नाहीत.

शेवटची चार मिनिटं उरली असताना स्ट्रॅथब्रेला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, वाऱ्याने थोडा मागे आला, आणि सगळे पुढे धावले असताना इनस एकटा मागे थांबला होता. त्याने नीट उडी घेतली आणि डोक्याने चेंडू खाली मारला. आमचा गोलकीपर हललासुद्धा नाही.

मी उभी राहिले होते. कधी उठले ते मला कळलं नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो आनंदाचाच होता. मी नऊ वर्षांत त्याला प्रत्यक्ष गोल करताना पाहिलं नव्हतं. पेपरात वाचायची, फोनवर ऐकायची. एवढ्या सगळ्या माणसांत मी एकटी उभी होते आणि कुणीही काही बोलत नव्हतं.

"बस, एल्सी," बाबा हळूच म्हणाले.

इनसने हात वर केले नाहीत. त्याच्या गळ्यात पडायला आलेल्या पोरांना त्याने बाजूला सारलं आणि मान खाली घालून मधल्या रेषेकडे चालत गेला. थिसल हरलं. सत्तर वर्षांचा क्लब लीगमधून बाहेर पडला.

सोमवारी बेकरीत मी गोल पाव मागितले, तर विल्मा म्हणाली, "गोल संपले. शेवटचा तुझा नवरा घेऊन गेला." रांगेतल्या बायका खाली बघत होत्या. कारखान्यात माझ्या टेबलावरच्या दोघी आठवडाभर माझ्याशी फक्त माशांबद्दल बोलल्या. त्याचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते बाबांचं. ते इनसशी बोलेनासेच झाले. एकाच टेबलाशी बसून मला म्हणायचे, "त्याला म्हणावं मीठ इकडे दे." इनस मीठ द्यायचा. आठ दिवसांत तो आइसलँडला निघून गेला. बारावा क्लब. त्या वेळी मी त्याला 'एक वर्ष' असं म्हटलं नाही, त्यानेही म्हटलं नाही.

दोन वर्षं तशीच गेली. तिकडे त्याचा गुडघा कामातून जायला आला, इकडे थिसल खालच्या लीगमध्येही मार खात होतं. मग एका शनिवारी संध्याकाळी मी जिन्यावरून खाली येताना बाबांना फोनवर बोलताना ऐकलं. बाबांनी आपणहून कुणाला फोन केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ते मोठ्याने बोलत होते, आइसलँड लांब आहे म्हणून.

"इनस? डॉड बोलतोय. गुडघा कसा आहे?... असू दे, अर्धा चालेल. आमच्याकडे नऊ नंबरला एक सुतार खेळतोय. सुतार म्हणून चांगला आहे." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. "नाही रे, माफीबिफी काही नको. तू चोरी केली नव्हतीस. तुला सोळाव्या वर्षी परत पाठवलं ना, तेव्हा मी फाटकावरच होतो, मीच तुला दार उघडून दिलं होतं. तेव्हा मी काही बोललो नाही. आता म्हणतोय, ये."

मी जिन्यावरच बसले.

इनस आला. पहिल्या सामन्याला स्टँड गप्प होता. तिसऱ्या सामन्यात त्याने एक अगदी साधा गोल केला, गुडघ्याला लागून चेंडू आत गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे लोक हातमोजे काढत नाहीत, त्यामुळे टाळ्यांचा फारसा आवाज येत नाही. पण फाटकातून बाबांच्या उघड्या हातांच्या टाळ्या वेगळ्या ऐकू आल्या. पुढच्या आठवड्यात विल्माने न मागता पिशवीत एक पाव जास्त टाकला.

दोन हंगाम तो थिसलकडून खेळला. रोज घरी यायचा. मागच्या दाराशी वर्तमानपत्रावर त्याचे चिखलाचे बूट दिसायचे. दिवसा मासळी व्हॅनमधून पोचवायचं काम त्याने धरलं होतं. मी कामावरून आले की चहा तयार असायचा, जरा कडक, पण तयार. मी देवाकडे मागितलं असतं तर ह्याहून वेगळं काही मागितलं नसतं.

आणि तरी जानेवारी आला की तो फोन खिडकीकडे ओढून आणायचा. वायर थेट तिथवर पोचायची नाही, म्हणून एक खुर्ची सरकवून तिच्यावर ठेवायचा.

"कुणाचा यायचाय?" मी विचारायची.

"कुणाचा नाही. इथे दिसतो बरा."

रविवारी तो माझ्यासमोर बसून पेपरात दुसऱ्यांचे निकाल वाचायचा. बोलायचा, पण थोडंच. सांगण्यासारखं जे होतं ते मी पाहिलेलंच असायचं. पंधरा वर्षं ज्या माणसाची वाट पाहिली तो हाताच्या अंतरावर बसलेला असायचा, आणि मला त्याच्या फोनची आठवण यायची. हे मी कुणालाच बोलले नाही. कुणाला सांगणार? कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, "सुटलीस बाई एकदाची."

दुसऱ्या हंगामानंतर गुडघ्याने ऐकायचं सोडलं, आणि इनस थांबला. त्याच उन्हाळ्यात ऑर्कनीच्या एका लहान बेटावरून फोन आला. तिथल्या शाळेतली शिक्षिका बोलत होती. बेटाचा एक संघ आहे, शिकवायला कुणी नाही, एक हंगाम याल का, आणि जमलं तर थोडं खेळालही का, असं विचारत होती. मी ओट्याशी उभी राहून इनसचं बोलणं ऐकत होते. त्याने मैदान कसं आहे विचारलं. वारा कुठून येतो विचारलं. संघात कोण कोण आहे विचारलं, आणि पोस्टमन गोलकीपर आहे हे ऐकून मोठ्याने हसला. मग म्हणाला, "नाही हो, मला नाही जमणार. मी आता घरी आलोय."

फोन ठेवून तो माझ्याकडे बघून हसला. हसू नीट नव्हतं.

"का नाही म्हणालास?" मी विचारलं.

"किती वर्षं तू वाट पाहिलीस, एल्सी."

"मी विचारते ते सांग. जावंसं वाटतं का?"

तो नुसता दाढीवरून हात फिरवत राहिला.

"दोन वर्षांत तू कुणाशी एवढं बोलला नाहीस," मी म्हटलं. "माझ्याशीसुद्धा नाही. लाव परत फोन. आणि दोघं येतोय म्हणून सांग."

"तू? तुझी नोकरी? डॉड?"

बाबा दारात उभे होते, आम्हाला दिसले नव्हते. "डॉडला अंडं उकडता येतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही दोघं माझ्या खुर्चीवरून तो फोन उचला आधी. दोन जानेवारी झाले, मी स्टुलावर बसतोय."

रोना तोवर ॲबर्डीनला नर्सिंग शिकत होती. तिला कळवलं तर ती म्हणाली, "आई, तू? बोटीने?" मला बोट लागते हे तिला माहीत होतं. लागलीच. चार तास मी बादली धरून बसले होते आणि इनस माझी पाठ चोळत होता.

पहिल्या सरावाला मी मैदानाच्या कडेला उभी राहिले. मैदान म्हणजे उतारावरचं एक गवत, दोन्ही बाजूंना मेंढ्या. सात-आठ माणसं जमली होती, कोळी, शेतकरी, तो पोस्टमन. इनस एकेकाचं नाव विचारत होता आणि लगेच त्या नावाने हाक मारत होता. अडतीस वर्षांचा लंगडा माणूस, पण चालणं पोराचं झालं होतं. फोनवर मी जो पंधरा वर्षं नुसता ऐकला होता तो माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. देखणा दिसत होता.

पोस्टमनची बायको चहाचा थर्मास घेऊन माझ्याजवळ आली. "तुम्ही कुठल्या?"

"पोर्टकिलीची."

"काय आहे तिकडे?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि अर्धा तास बोलत राहिले. बंदर, कारखाना, आमच्या टेबलावरच्या बायका, बेकरीतली विल्मा, बाबा फाटकावर कसे उभे राहतात. ती बिचारी ऐकत होती. चहा गार झाला तेव्हा मी थांबले.

"एकच हंगाम ना?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

हवा स्वच्छ होती. दक्षिणेला पाण्यापलीकडे मुख्य भूमीची निळसर रेघ दिसत होती. पोर्टकिली तिच्याही खूप खाली, तिथून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मैदानावर इनस कुणाला तरी ओरडून सांगत होता की डावीकडे वळल्यासारखं दाखव, नुसतं दाखव. मी थर्मासचं झाकण हातात धरून त्या रेघेकडे बघत राहिले.