सरमद दुर्रानी, झेलबाद

चप्पल. नागपूरच्या हॉलमधल्या टीव्हीवर भिरकावलेली.

अंड्याचं सँडविच, दोघांपुरतं.

हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी.

पंचाचा ढगळ कोट, खिशात षटकातले चेंडू मोजायचे खडे.

टक्.

यातलं कशामुळे काय झालं, हे शैलेंद्रला पुढे कधीच नीट लावता आलं नाही.

चप्पल सगळ्यात जुनी. सरमद दुर्रानीनं भारताविरुद्ध शतक ठोकलं तेव्हा मेडिकलला असलेल्या शैलेंद्रनं ती फेकली होती. पुढे सरमद पाकिस्तानच्या संघातून गेला, आला, पुन्हा गेला. कुणी म्हणे कर्णधाराशी वाजलं, कुणी म्हणे गुडघा. आणि २०१७च्या उन्हाळ्यात तो आयर्लंडमधल्या नास गावाजवळच्या एका छोट्या क्लबचा पगारी खेळाडू म्हणून उगवला! शैलेंद्र तिथेच हाडांचा डॉक्टर, क्लबात तळाचा फलंदाज. चहाच्या सुट्टीत एकाला हॅम चालेना, दुसऱ्याला बीफ. उरलं अंड्याचं सँडविच. त्यावर दोस्ती जमली. चपलेचं मात्र शैलेंद्रनं पोटातच ठेवलं.

पाकिस्तानच्या निवडसमितीतला एक माणूस लंडनहून सरमदचा खेळ बघायला येणार होता. शतक झालं तर नाव पुढे जाणार, नाही तर संपलं. हे सरमदनं एकट्या शैलेंद्रला सांगितलं होतं.

शनिवार. सरमद नव्वदीत.

क्लबच्या सामन्याला बाहेरचा पंच कुठला? फलंदाजी करणाऱ्या संघातलेच लोक आळीपाळीनं कोट चढवतात. शैलेंद्रची पाळी आली. असा घरचा पंच आपल्या माणसाला सहसा बाद देत नाही, हे समोरच्यांनाही पाठ असतं.

टक्.

यष्टिरक्षकानं चेंडू पकडला, सवयीनं अपील केलं. अर्ध्या मनानंच. आणि शैलेंद्रचं बोट वर गेलं.

सरमदनं बोटाकडे पाहिलं. बॅटकडे पाहिलं. मग निघाला. सीमारेषेपाशी लंडनहून आलेल्या ब्लेझरवाल्या माणसानं घडीची खुर्ची मिटली.

कप्तान डेक्लन म्हणाला, काय भानगड आहे, युअर मॅन, तो सरमद, आपल्याकडून खेळतो ना? घरी बायकोनं, उल्कानं विचारलं, खरंच बाद होता, की तो तिकडचा म्हणून? शैलेंद्र चिडला. मग कपाट उघडून कशासाठी उघडलं ते विसरून उभा राहिला. प्रामाणिकपणा होता का तो? की प्रामाणिक दिसायची हौस? की ती चप्पलच, इतक्या वर्षांनी टीव्हीला लागलेली? कानानं ऐकलं होतं हे खरं. पण बोट वर जाताना आणखीही काहीतरी आठवू पाहत होतं आणि त्यानं ते आठवू दिलं नव्हतं, असंही वाटे. की हे नंतर रचलेलं?

सरमदनं मात्र तमाशा केला नाही. सामन्यानंतर गाडीपाशी येऊन त्यानं हलक्या आवाजात विचारलं,

"डॉक्टरसाहब, आवाज़ आई थी?"

"आई थी."

"बल्ले से?"

शैलेंद्र हो म्हणाला. हो म्हणायला त्याला जरा वेळ लागला.

सरमदनं तळवे उलटेपालटे करून पाहिले. "मुझे तो कुछ महसूस नहीं हुआ," तो म्हणाला. "आप झूठ नहीं बोलोगे. तो फिर हाथ ही गए."

त्याच आठवड्यात त्यानं निवृत्ती जाहीर केली. कुठल्याशा पेपरात चार ओळी आल्या, त्यात गुडघ्याचं कारण होतं. दोन वर्षांनी कॉर्क शहरात तो पोरांना शिकवताना दिसला. शैलेंद्रला त्यानं मिठी मारली, सोबतच्या लेकीच्या, ईशानीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पोरांना हिंदी-इंग्रजीत सांगितलं, की इतका सच्चा पंच मी जन्मात पाहिला नाही. ईशानीनं परतताना विचारलं, "बाबा, व्हाय आर यू नॉट हॅपी?"

शैलेंद्रनं गाडी उगाच डावीकडे वळवली. रस्ता चुकला.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी शैलेंद्रनं सरमदच्या तडकलेल्या बॅटला चिकटपट्टी गुंडाळून दिली होती, आणि सरावात चेंडू बॅटपासून वीतभर लांबून जाऊनही ती बॅट त्याच्यासमोर दोनदा टक् वाजली होती.