उलूकशशाचा मुडपलेला कान

उलूकशशाच्या दर्शनाची रांग पाववाल्याच्या दुकानापासून निघून, न्हाव्याच्या खुर्चीला वळसा घालून थेट कोपऱ्यावरच्या नळापर्यंत गेली होती. रांगेला कारणही तसंच होतं. घुबडाचं तोंड, सशाचं अंग, आणि त्याने नजर टाकलेल्या पाण्याने म्हणे डोळे बरे होत. लोकांनी ते डोळे मिटून मान्य केलं होतं.

आठ दिवस आधी भिंतींवर नुसतं नाव लागलं होतं, ‘उलूकशश येत आहे’. चित्र नाही, खुलासा नाही. शाळेतल्या मास्तरांनी फोड करून सांगितली, उलूक म्हणजे घुबड आणि शश म्हणजे ससा. गल्लीला तेवढं पुरलं. न्हाव्याने त्याला वाकडी चोच दिली, पाववाल्याने पिवळेधमक डोळे. कोट शिवणाऱ्या आत्याकडे एक परका माणूस बाहीचं अस्तर दुरुस्त करून घ्यायला बसला होता. त्यानेही सहज विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कसा असेल? सुईत दोरा ओवता ओवता आत्या म्हणाली, "डावा कान मुडपलेला असेल. थापा ऐकून ऐकून." तो मनापासून हसला आणि जाताना कोटाची दोन मोठी पिवळी बटणं घेऊन गेला.

आता आत्या रांगेत उभी होती ती भाचीपायी. नऊ वर्षांच्या पोरीच्या बुबुळाला जखम झाली होती. दर दोन तासांनी औषधाचे थेंब घाला, हयगय केलीत तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनीने ते थेंब कालपासून बंद केले होते. दोन उपचार एकमेकांना खातात, असं उलूकशशाच्या बाबांनी सांगितलं होतं ना! सकाळपासून आत्याने घसा कोरडा केला, पण वहिनी हलेना.

"वन्सं, एकदा बघा तरी," ती म्हणाली. "न्हाव्याला नुसत्या नावावरून जसा दिसला, अगदी तसाच आहे. आता याला काय म्हणाल?"

तंबूत दाढीवाले बाबा मांडीवर ते जनावर घेऊन बसले होते. हा दिवसा सशासारखा पाहतो, रात्री घुबडासारखा, असं ते समजावत होते. म्हणजे याला चोवीस तास दिसतं. मग त्यातले बारा तास तो दुसऱ्याला नाही का देणार? हिशेब चोख होता. माना डोलत होत्या.

आत्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. डावा कान मुडपलेला होता. तो तसाच राहावा म्हणून खाली एक टाका होता. आणि डोळे? ती तिनेच कागदात गुंडाळून विकलेली दोन पिवळी बटणं होती.

गळ्यातल्या दोरीला तिची छोटी कात्री असायचीच. बाबांनी पाण्याची वाटी पुढे केली, तशी आत्या नमस्काराला वाकली आणि जनावराच्या हनुवटीखालचा दोरा तिने कापला. पिसांची टोपी चोचीसकट तिच्या हातात आली. खाली एक भेदरलेला ससा नाक हलवत होता.

"पण न्हाव्याला आधीच कसं दिसलं?" वहिनीने विचारलं.

"दिसलं नाही गं. तो बोलला, याने ऐकलं आणि शिवलं. चोच त्याची, डोळे पाववाल्याचे, कान माझा. नाव तेवढं याचं. आपल्या मनातलं समोर आलं की हात जोडण्याआधी एवढंच विचारावं, हे याला सांगितलं कुणी?"

न्हावी मात्र म्हणत राहिला की चोच झकास जमली होती.

वहिनीने तिथेच, लोकांच्या देखत, पिशवीतली बाटली काढून पोरीच्या डोळ्यात थेंब घातला. डोळा वाचला. बुबुळावर एक पांढरा ठिपका तेवढा कायमचा राहिला, त्या एका दिवसाचा.

"आत्या, काहीच खरं नव्हतं?" पोरीने घरी येताना विचारलं.

"ससा होता की," आत्या म्हणाली. "आणि औषध."